वैमानिकापुढचा काटा नेमकं काय मोजतो?

2015 च्या पावसाळ्यात आणि पुन्हा 2019 च्या ऑगस्टात संभाजीनगरजवळच्या चिकलठाण्याच्या विमानतळावरून एक लहान विमान उठायचं आणि ढग शोधत मराठवाडाभर हिंडायचं. कृत्रिम पावसाचा प्रयोग. पाऊस किती पडला यावरून तेव्हा भांडणं झाली, अजूनही होतात. पण पारावर बसून मान वर करून बघणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा प्रश्न मला त्या पावसापेक्षा जास्त दिवस पुरला. "आरं, ढगात शिरल्यावर त्याला वाट कशी दिसूलालीय? वर ना रस्ता, ना झाड, ना मैलाचा दगड."

वाट दिसत नाही, हे त्याचं खरं उत्तर. ढगात शिरलेल्या वैमानिकाला काचेबाहेर फक्त पांढरं दिसतं. कापसाच्या गाठीत डोकं घातल्यासारखं. त्याला जे काही कळतं ते समोरच्या तबकड्यांवरून. निवडणुका आल्या की लहान विमानांची आणि हेलिकॉप्टरांची ये-जा वाढते, कुठं अपघात झाला की टीव्हीवर 'अल्टिमीटर', 'ट्रान्सपॉन्डर', 'ब्लॅक बॉक्स' असे शब्द उडायला लागतात, आणि ऐकणारा आणखी गोंधळतो. म्हणून ही तबकड्यांची ओळख. इथं मोठ्या प्रवासी विमानाचा विचार नाही. दोन-चार जणांच्या, एका पंख्याच्या, शिकाऊ पोरंही चालवतात अशा विमानाचा आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. काट्यावर जे लिहिलेलं असतं ते तो थेट मोजत नसतो. उंचीचा काटा उंची मोजत नाही, वेगाचा काटा वेग मोजत नाही. तो मोजतो वेगळंच काहीतरी, आणि त्यावरून अंदाज सांगतो.

## पण माणसाला वर-खाली आपोआप कळतं की!

जमिनीवर कळतं. डोळे मिटून उभं राहिलात तरी कळतं, कारण तळपायांना जमीन लागते आणि कानाच्या आत तोल सांभाळणारी व्यवस्था असते. कानात तीन अर्धगोल नळ्या आहेत, त्यात पाण्यासारखा द्रव आहे. डोकं फिरलं की नळी फिरते, आतला द्रव मागं राहतो आणि मेंदूला कळतं, वळण सुरू झालं.

गोम अशी की वळण एकाच गतीनं चालू राहिलं तर थोड्या वेळात द्रवही नळीबरोबर फिरायला लागतो. मग मेंदू म्हणतो, वळणं थांबलं. लहानपणी अंगणात गरगर फिरून एकदम थांबायचो, तेव्हा घर उलट्या दिशेनं फिरायचं, ते ह्याच द्रवामुळं. परभणी जंक्शनला शेजारची गाडी हलली की आपलीच सुटली असं वाटतं, तिथं फसतात डोळे. ढगात दोन्ही एकदम फसतात.

विमान हळूच एका बाजूला कलतं, इतकं हळू की कानाला पत्ता लागत नाही. कलल्यामुळं ते वळायला लागतं, वळताना नाक खाली जातं, वेग वाढतो. वैमानिकाला मात्र वाटतं, आपण सरळ चाललोय, फक्त उंची कमी होतेय. तो दांडा मागं ओढतो आणि गिरकी आणखी आवळत जाते.

1954 मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं हे तपासून पाहिलं. यंत्रांवरून उडायचं शिक्षण न झालेल्या 20 जणांना विमानात बसवून बाहेरचं दिसणं बंद केलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. त्याला लागलेला सरासरी वेळ 178 सेकंद. तीन मिनिटंही नाहीत. टपरीवर चहा सांगून तो हातात येईपर्यंत त्याहून जास्त वेळ जातो.

## सहा तबकड्या, दोन घराणी

जुन्या पद्धतीच्या लहान विमानात वैमानिकासमोर सहा तबकड्या असतात, तीन वर आणि तीन खाली. वरच्या ओळीत डावीकडून वेग, कल आणि उंची. खालच्या ओळीत वळण, दिशा आणि चढ-उताराची गती. ह्यांतल्या तीन हवेच्या दाबावर चालतात: वेग, उंची, चढ-उतार. उरलेल्या तीन भोवऱ्यावर. हो, जत्रेत मिळतो त्याच भोवऱ्याच्या तत्त्वावर.

## उंचीचा काटा: हवेचं वजन करणारा तराजू

आपल्या डोक्यावर हवेचा ढीग आहे आणि त्याला वजन आहे. जितकं वर जाल तितका डोक्यावरचा ढीग कमी, म्हणजे दाब कमी. वेफर्सचं पाकीट महाबळेश्वरला नेलं की टम्म फुगतं ते ह्यामुळंच. उंचीमापकात, म्हणजे अल्टिमीटरमध्ये, अशीच हवाबंद पत्र्याची डबी असते. वर गेलं की ती फुगते, खाली आलं की दबते, आणि बारीक दातेरी चाकं ती हालचाल काट्यापर्यंत नेतात. साधारण 28 ते 30 फूट चढलं की दाब एक हेक्टोपास्कलनं उतरतो. हेक्टोपास्कल हे हवेचा दाब मोजायचं माप, समुद्रसपाटीला सरासरी 1013.

आता अडचण बघा. हवेचा दाब एका जागीही रोज बदलतो. आपल्याकडं हिवाळ्यात तो चढा असतो, आषाढात उतरतो. फरक दहाच्या आसपास सहज जातो. विमान धावपट्टीवर जागच्या जागी उभं आहे, पण दाब दहानं उतरला, तर काटा म्हणणार, आपण तीनशे फूट वर चढलोय.

म्हणून तबकडीत एक छोटी खिडकी आणि बाजूला एक खुंटी असते. विमानतळावरून रेडिओवर त्या वेळचा, समुद्रसपाटीच्या हिशेबात बदललेला दाब सांगतात. वैमानिक खुंटी पिळून तो आकडा खिडकीत लावतो. ह्या आकड्याला 'क्यूएनएच' म्हणतात. तो लावायचा राहिला आणि विमान जास्त दाबाकडून कमी दाबाकडं गेलं, तर काटा दाखवतो त्यापेक्षा विमान खाली असतं. तीनशे फुटांची चूक ऐकायला किरकोळ वाटते. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी-भूमच्या माळावरच्या नव्या पवनचक्क्या पात्याच्या टोकापर्यंत तीनशे फुटांच्या वर जातात, हे डोळ्यांपुढं आणलं की किरकोळ वाटत नाही.

दुसरा घोळ ह्याहून साधा, पण नवख्यांना हमखास गंडवणारा. आकडा बरोबर लावला तरी काटा उंची सांगतो ती समुद्रसपाटीपासूनची. पायाखालच्या जमिनीपासूनची सांगत नाही. चिकलठाण्याची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फुटांवर आहे. म्हणजे मुंबईत समुद्रकाठच्या जुहूवर काट्यात 3,000 दिसले तर खाली खरोखर तीन हजार फूट मोकळी हवा आहे. तेच 3,000 चिकलठाण्यावर दिसले तर खाली जेमतेम अकराशे. मधे वाटेत सह्याद्री आहे, कळसूबाईचं टोक 1,646 मीटरवर, म्हणजे 5,400 फुटांवर. तिथं काट्यावर 3,000 असतील तर विमान डोंगराच्या पोटात असेल. जमीन कुठं किती वर आलीय हे काट्याला ठाऊक नसतं. ते नकाशात बघायचं असतं.

## वेगाचा काटा आणि कुंभारणीची करामत

एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढला (काढू नये) तर वारा तळव्याला मागं ढकलतो. गाडी जोरात, तर ढकल जोरात. विमानाच्या पंखाखाली किंवा नाकाजवळ पुढं तोंड केलेली एक बारीक नळी असते, ती हीच ढकल मोजते. तिला पिटो नळी म्हणतात. आंरी पिटो ह्या फ्रेंच अभियंत्यानं 1732 मध्ये पॅरिसच्या सेन नदीचं पाणी किती वेगानं वाहतं हे बघायला वाकडी नळी पाण्यात धरली होती, तिची ही पणती. विमानाच्या अंगावर दुसरं एक छिद्र असतं, वारा थेट लागणार नाही अशा जागी, आसपासच्या हवेचा शांत दाब घेणारं. नळीतला दाब वजा छिद्रातला दाब, की वेग निघाला.

हा वेग हवेतला, जमिनीवरचा नव्हे. गोदावरीत प्रवाहाविरुद्ध पोहणारा माणूस हातपाय तेवढेच मारतो, पण काठावरून बघणाऱ्याला तो जागीच दिसतो, तसं. काट्यावर 100 नॉट असतील (एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर) आणि समोरून 20 नॉटचा वारा असेल, तर जमिनीवरून विमान 80 नंच सरकतं. तरी वैमानिकाला आधी हवेतलाच वेग लागतो, कारण पंखाला उचलते ती हवा, जमिनीशी पंखाचं काही देणंघेणं नाही.

ह्या तबकडीवर रंगांचे पट्टे असतात. उदाहरणाला सेसना 172 एस घेऊ, जगभर शिकवायला वापरतात ते चार आसनी विमान. तिच्यावर 40 ते 85 नॉट पांढरा पट्टा, पंखाचे फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा, पूर्ण उघडायची मुभा असलेला. 48 ते 129 हिरवा, रोजचा. 129 ते 163 पिवळा, हवा अगदी शांत असेल तरच. 163 वर लाल रेघ, तिच्यापलीकडं कधीच नाही. हिरव्याच्या खालच्या टोकाशी धोका वेगळा आहे. तिथं पंख हवेशी इतका तिरका होतो की वरून वाहणारी हवा त्याला सोडून देते आणि उचल एकदम कोसळते. ह्याला 'स्टॉल' म्हणतात. बातम्यांत 'विमान स्टॉल झालं' ऐकून लोक समजतात इंजिन बंद पडलं. इंजिनाचा त्यात काही संबंध नसतो.

आता कुंभारीण. दाराच्या कडीत, कुलपाच्या भोकात, विजेच्या बोर्डात चिखलाचं घरटं करणारी ती बारीक कमरेची माशी. पिटो नळीचं तोंड म्हणजे तिच्यासाठी बांधून दिलेलं घर. 6 फेब्रुवारी 1996 ला डोमिनिकन रिपब्लिकच्या पुएर्तो प्लाताहून उठलेलं बोइंग 757 समुद्रात पडलं, 189 माणसं गेली. विमान बरेच दिवस उभं होतं, नळ्यांवर टोप्या घातलेल्या नव्हत्या, आणि नळी बहुधा असल्याच माशीच्या घरट्यानं बुजली असावी, असं तपासात निघालं.

नळी बुजली की काय होतं ते मजेदार आहे, म्हणजे वाचताना. आतला दाब कोंडून राहतो, बाहेरचा दाब वर चढताना उतरत जातो, फरक वाढतो, आणि काटा सांगतो, वेग वाढतोय. वैमानिक घाबरून नाक वर करतो, वेग कमी व्हावा म्हणून. खरा वेग आधीच कमी झालेला असतो. विमान आणखी चढतं, काटा आणखी वाढतो. उभ्या विमानाच्या नळीवर लाल फीत लोंबणारी टोपी दिसते ती ह्यासाठी. आणि उडण्याआधी वैमानिक विमानाभोवती प्रदक्षिणा घालून ती काढतो. काढायला विसरला तर पुन्हा तोच घोळ.

चढ-उताराच्या काट्याबद्दल एवढंच, की तो मिनिटाला किती फूट ते सांगतो आणि काही सेकंद उशिरा सांगतो. त्याच्या मागं धावणारा वैमानिक विमान झोके खात नेतो.

## भोवऱ्याच्या भरवशावर

जोरात फिरणारा भोवरा तळहातावर घ्या आणि हात तिरका करा. हात कलतो, भोवरा आपला ताठ. जे जोरात फिरतं ते आपला आस सोडत नाही. विमानातल्या कलदर्शकात मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे घेणारी चकती असते. विमान तिच्याभोवती कलतं, ती कलत नाही. तबकडीवर वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन, मधे क्षितिजाची रेघ. बाहेर काही दिसत नसताना वैमानिकाचं क्षितिज हेच.

24 सप्टेंबर 1929 ला जेम्स डूलिटल ह्या अमेरिकी वैमानिकानं आपल्या जागेवर जाड आच्छादन ओढून घेतलं, बाहेरचं काहीही न बघता विमान उडवलं, फेरी मारली आणि उतरवलं. त्याच्यापुढं पॉल कोल्समननं बनवलेला नवा अल्टिमीटर, स्पेरी कंपनीचे भोवऱ्याचे दर्शक आणि रेडिओचा इशारा होता. पुढच्या आसनावर दुसरा वैमानिक गरज पडलीच तर म्हणून होता, पण त्यानं दांड्याला हात लावला नाही. ढगात उडणं तिथून सुरू झालं.

दिशेच्या तबकडीतला भोवरा मात्र हळूहळू बहकतो. घर्षण हे एक कारण. दुसरं कारण मला स्वतःला फार आवडतं: भोवरा आकाशाशी इमान राखतो आणि खाली पृथ्वी फिरत असते. ध्रुवावर हा फरक तासाला 15 अंश पडतो. आपल्या मराठवाड्याच्या अक्षांशावर, साधारण 19-20 अंशांवर, तासाला पाचेक अंश. पाच अंश म्हणजे काय? संभाजीनगरहून नांदेड सरळ रेषेत 215 किलोमीटरच्या आसपास आहे. पाच अंश चुकवून निघालात तर नांदेड 18-19 किलोमीटर बाजूला राहील. म्हणून दर पंधरा मिनिटांनी साध्या होकायंत्राशी ही तबकडी जुळवून घ्यायची. मग होकायंत्रच का नाही वापरत? ते वळताना आणि वेग बदलताना डचमळतं, सरळ शांत चालीतच खरं बोलतं.

तिसरी तबकडी वळणाची. सेकंदाला तीन अंश, म्हणजे पूर्ण गिरकीला दोन मिनिटं, ही तिची खूण. तिच्या खाली वाकड्या काचनळीत एक काळी गोटी असते, गवंड्याच्या पाणसळीतल्या बुडबुड्याची चुलत बहीण. गोटी मधे, तर वळण नीट. गोटी बाजूला, तर विमान घसरतंय.

पुष्कळ विमानांत कल आणि दिशा ह्यांचे भोवरे इंजिनावरच्या पंपानं ओढलेल्या हवेवर फिरतात आणि वळणाचा भोवरा विजेवर. हे मुद्दाम. भारनियमनाच्या दिवसांत विहिरीवर विजेची मोटर आणि डिझेल इंजिन दोन्ही ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको.

## खोटं बोलणारा काटा ओळखायचा कसा?

एका साक्षीदारावर निकाल द्यायचा नाही. कलदर्शक म्हणतो, विमान डावीकडं झुकलंय. ठीक. मग दिशेचा आकडा बदलत असला पाहिजे आणि वळणाची तबकडीही डावीकडं असली पाहिजे. त्या दोघी गप्प असतील तर कलदर्शकच बिघडलाय. वेग वाढताना दिसतोय, पण नाक वर आहे, उंची वाढतेय आणि इंजिनाचा जोर तेवढाच? न पटणारी साक्ष. नळी तपासा. वैमानिकाचे डोळे सतत कलदर्शकावरून एकेका तबकडीवर जाऊन परत येत असतात. एकाच काट्याकडं टक लावून बसणं ही नवशिक्यांची हमखास खोड, आणि प्रशिक्षक सगळ्यात जास्त ओरडतात ते तिच्यावर.

हे सगळं शिकल्याशिवाय ढगात जायची परवानगी नसते. साधा खासगी परवाना असलेल्यानं बाहेर बघतच उडायचं. ढगात जायला यंत्रांवरून उडण्याची वेगळी पात्रता मिळवावी लागते.

## मे महिन्यात काट्यांना ऊन लागतं का?

काट्यांना लागत नाही, हवेला लागतं. तापलेली हवा पसरते, पातळ होते. चिकलठाण्यावर मेच्या दुपारी 42 अंश असताना हवा इतकी विरळ असते, की विमानाला वाटतं आपण साडेपाच हजार फुटांवर उभे आहोत. ह्याला 'डेन्सिटी अल्टिट्यूड' म्हणतात, घनतेच्या हिशेबातली उंची. इंजिनाला श्वास कमी मिळतो, पंख्याला पकड कमी.

वेगाचा काटा इथं गमतीशीर वागतो. पातळ हवेत तेवढीच ढकल मिळायला विमानाला खरोखर जास्त पळावं लागतं. काट्यावर 55 नॉट दिसतात तेव्हा खरा वेग 60 च्या घरात असतो. पंखाला ढकलच हवी असते, त्यामुळं काट्याचं खोटं पंखाच्या सोयीचं आहे. पण धावपट्टीला ती सोय नाही. तिचा जास्त तुकडा खर्ची पडतो. आणि धावपट्टी किती उरली हे सांगणारा काटा लहान विमानात नसतो. तो हिशेब निघण्याआधी कागदावर, पुस्तकातल्या तक्त्यावरून करायचा. शक्य असेल तर सकाळी लवकर निघायचं. आपल्याकडं मेमध्ये नांगरणी जशी पहाटे उरकतात तसंच.

## पेट्रोलचा काटा तर खरा असेल?

तो सगळ्यात कमी भरवशाचा. टाकीतला तरंगता गोळा आणि त्याला जोडलेला काटा, जुन्या मोटारसायकलीसारखाच. आणि मोटारसायकल हलवून टाकीतला आवाज ऐकणारे आपण त्या काट्यावर किती विश्वास ठेवतो ते सर्वांना माहीत आहे. लहान विमानाचा वैमानिक निघण्याआधी पंखावरचं झाकण उघडून पट्टी बुडवून बघतो. टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक पेल्यात काढून त्यात पाणी आहे का, रंग बरोबर आहे का तेही पाहतो. अशा विमानांत सहसा लागणारं 100 एलएल पेट्रोल निळसर असतं. दुसऱ्याच रंगाचं किंवा बिनरंगाचं निघालं तर थांबायचं.

इंजिनाच्या बाकी काट्यांत तेलाचा दाब मुख्य. तो पडला तर उतरायला जागा शोधायची, बाकी विचार नंतर. एक दिलासा आहे: ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन असतात आणि त्यांना बॅटरी लागत नाही. विमानातली सगळी वीज गेली तरी इंजिन चालू राहतं.

## रेडिओ, चार आकडे आणि 'हजर सर'

इथून पुढं 'एव्हिऑनिक्स', म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक सामग्री. बोलायचा रेडिओ 118 ते 137 मेगाहर्ट्झवर चालतो, आपल्या एफएमच्या पट्टीच्या थोडं वर. ह्या लहरी सरळ रेषेत जातात. परभणी आकाशवाणी लांबच्या खेड्यात खरखरत का होईना लागते, विमानाचा रेडिओ डोंगराआड गेला की गप्प. गंमत म्हणजे तंत्र मात्र जुन्या एएमचंच ठेवलंय. दोघं एकदम बोलले तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि कळतं, कुणीतरी आडवं आलंय. एफएममध्ये जोरकस आवाज दुसऱ्याला गिळून टाकतो, पत्ताही लागत नाही.

ट्रान्सपॉन्डर म्हणजे हजेरीला उत्तर देणारी पेटी. जमिनीवरचं रडार विचारतं, पेटी आपला चार आकडी क्रमांक आणि उंची सांगते. आकडे 0 ते 7 एवढेच, म्हणून एकूण 4,096 क्रमांक होतात. त्यातले तीन राखीव: 7500 अपहरण, 7600 रेडिओ बंद, 7700 संकट. ही पेटी बंद पडली तर साध्या रडारवर फारतर एक ठिपका उरतो, नाव नसलेला.

## जीपीएस आल्यावर हे जुनं लटांबर कशाला?

हा प्रश्न सगळे विचारतात आणि तो रास्त आहे. जीपीएस किमान चार उपग्रहांवरून जागा सांगतो, उंचीही सांगतो, आणि बहुतेक वेळा छान सांगतो. भारतानं त्यावर 'गगन' ही सुधारणा बसवली आहे, इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाची. उपग्रहांच्या चुका जमिनीवरच्या केंद्रांनी मोजायच्या आणि दुरुस्ती परत विमानाला पाठवायची. एप्रिल 2022 मध्ये राजस्थानात किशनगडला एक एटीआर जातीचं प्रवासी विमान 'गगन'च्या आधारावर उतरवून दाखवलं. धावपट्टीपाशी महागडी यंत्रणा नसलेल्या लहान विमानतळांसाठी ही मोठीच गोष्ट आहे, आणि मराठवाड्यात असे विमानतळ आहेत.

तरी तीन अडचणी राहतात. उपग्रहाचा इशारा जमिनीवर येईपर्यंत इतका क्षीण होतो की तो दाबणं किंवा खोटा इशारा घुसडणं अवघड नाही. दुसरी, जीपीएस जमिनीवरचा वेग सांगतो, हवेतला नाही, आणि स्टॉल होतो तो हवेतल्या वेगावर. वाऱ्याबरोबर चाललेलं विमान जीपीएसवर झकास पळताना दिसेल आणि तिकडं पंख हवा सोडायच्या बेतात असेल.

तिसरी सगळ्यात सुरेख. आकाशात विमानं एकमेकांपासून वर-खाली अंतर राखतात ते अजूनही दाबाच्या काट्यावर, जीपीएसच्या उंचीवर नाही. का? दाबाचा काटा चुकतो, पण एका भागातल्या सगळ्यांचा सारखाच चुकतो. गावातली सगळी घड्याळं पाच मिनिटं पुढं असतील तर ग्रामसभेला कुणालाच उशीर होत नाही. एकानंच मोबाईल बघून अचूक वेळ धरली, की त्याची पंचाईत.

## मग नव्या पडद्यांवर तरी सगळं ठीक?

2000 नंतरच्या लहान विमानांत सहा तबकड्यांऐवजी दोन मोठे पडदे आले. भोवऱ्यांच्या जागी चिप आली, मोबाईल आडवा केला की चित्र आडवं होतं त्या चिपच्या कुळातली. नकाशा, हवामान, डोंगराची सूचना, सगळं एका जागी. पिटो नळी मात्र तीच. कुंभारीण अजून बेकार झालेली नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं 2010 मध्ये पडदेवाली आणि तबकडीवाली लहान विमानं ताडून पाहिली. पडदेवाल्यांचे एकूण अपघात कमी निघाले, पण जीवघेण्या अपघातांचं प्रमाण जास्त. ही विमानं लांबच्या आणि यंत्रांवरून करायच्या प्रवासाला जास्त वापरली जात होती, हेही त्यात धरलं पाहिजे. पण माझं मत विचाराल तर पडद्यावरचं चित्र इतकं सुबक असतं की त्यामागची नळी आणि छिद्र विसरायला होतं. तबकडीचा काटा थरथरतो, अडतो, त्याच्यावर संशय घ्यायला जागा असते. पडद्यावरचा आकडा ठामपणे उभा असतो.

आणि ब्लॅक बॉक्स, उड्डाणाची नोंद ठेवणारी पेटी? मोठ्या विमानात असतो, छोट्या खासगी विमानाला साधारणपणे बंधनकारक नाही. म्हणून अशा अपघातांचा तपास लांबतो. असतो तो आपत्कालीन इशारा देणारा ट्रान्समीटर. धक्का बसला की 406 मेगाहर्ट्झवर हाका मारायला लागतो, उपग्रह त्या ऐकतात, आणि भारतात त्यांची नोंद बंगळुरूच्या केंद्रात होते.

## हे घरी करून बघता येईल?

येईल. बऱ्याच मोबाईलांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, बॅरोमीटरचं फुकट ॲप घेतलं की आकडा दिसतो. तो घेऊन देवगिरीला जा. पायथ्याशी आकडा टिपा, अंधारी, म्हणजे किल्ल्यातला काळोखा भुयारी रस्ता, ओलांडून वर बारादरीपर्यंत चढा, पुन्हा टिपा. किल्ल्याचा डोंगर साधारण दोनशे मीटरचा, म्हणजे टोकापर्यंतचा फरक वीसेक हेक्टोपास्कलच्या आसपास यायला हवा. हाच तुमचा अल्टिमीटर.

मग दुसऱ्या दिवशी कुठंच जाऊ नका. घरी ओट्यावर बसा. आपल्या भागात हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमाराला चढतो आणि दुपारी चारच्या सुमाराला उतरतो, साधारण तीन-चार हेक्टोपास्कलनं. सकाळी दहाला आकडा टिपा, जेवा, झोपा, चारला परत बघा. त्या हिशेबानं तुम्ही ओट्यासकट तीसेक मीटर वर गेलेले असाल.